साठ पिनांच्या कॅसेटवर इंदूरची गेर

इंदुरात घरोघरी ज्याला ‘टीव्ही गेम’ म्हणत, ते मशीन मूळ जपानी कंपनीचं क्वचितच असायचं. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ रोजी आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात पोचली ती त्याची नक्कल, लिटल मास्टर अशा नावांची, साठ पिनांची कॅसेट घेणारी. त्या मशीनसाठी आम्ही रंगपंचमीच्या गेरीवर, म्हणजे इंदूरच्या रंग उधळत जाणाऱ्या मिरवणुकीवर, एक मराठी खेळ लिहिला, चिपवर चढवला, बोर्ड करून कॅसेटमध्ये बसवला. आणि त्याच टेबलावर जुन्या कॅसेट वाचून त्यांच्या प्रती जपून ठेवल्या. हे काम करू पाहणाऱ्याला पहिलं सांगणं एकच आहे. नक्कल म्हणून या मशीनला कमी लेखू नका, आपल्यासाठी तेच प्रमाण आहे. खेळ त्याच्या घड्याळावर बेतायचा आणि जपायच्या त्याही त्याच्याच कॅसेट.

आधी मशीन उघडून त्याच्या घड्याळाला ठोका देणाऱ्या क्रिस्टलवरचा आकडा वाचावा. २१.४७७ मेगाहर्ट्झ असेल तर वेग जपानी-अमेरिकन (एनटीएससी पद्धतीचा). २६.६०१ असेल तर पाल, म्हणजे युरोपात आणि आपल्याकडे चालणारी टीव्हीची पद्धत, पण खरी गोम इथेच आहे. युरोपात विकल्या गेलेल्या अस्सल निन्टेन्डोतही २६.६०१७१२ चाच क्रिस्टल असतो. तिथे तो सोळाने भागून प्रोसेसरला १.६६२६०७ मेगाहर्ट्झ मिळतात. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपांवर चालणाऱ्या नकलेत (प्रोसेसर यूए६५२७पी, चित्राची चिप यूए६५३८) तोच क्रिस्टल पंधराने भागला जातो आणि वेग होतो १.७७३४४८ मेगाहर्ट्झ. रशियात १९९२ साली याच जातीचं मशीन ‘डेंडी’ नावाने विकायला आलं, म्हणून इम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, या जातीला डेंडी म्हणतात. मेसेन या इम्युलेटरमध्ये रीजन निवडताना ‘पाल’ निवडायचं नाही, ‘डेंडी’ निवडायचं. हा एक पर्याय बरोबर लावला की पुढचे निम्मे त्रास टळतात.

कारण असं. फ्रेमच्या ३१२ ओळी आणि सेकंदाला ५० फ्रेम, इथपर्यंत दोन्ही मशीनं सारखी आहेत. फरक आहे पडदा रंगवून झाल्यावरच्या मोकळ्या वेळात, जेव्हा चित्राच्या मेमरीत लिहिता येतं. अस्सल पाल मशीन ७० ओळींचा वेळ देतं, म्हणजे प्रोसेसरची सुमारे ७,४५९ सायकल (घड्याळाचे ठोके). नक्कल मात्र पडदा संपल्यावर ५१ ओळी गप्प राहते आणि मग शेवटच्या २० ओळींसाठी इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला चालू काम थांबवायला लावणारा इशारा, देते. हाती येतात २,२७३ सायकल. त्यातल्या ५१३ स्प्राइटची (पार्श्वभूमीवर हलणाऱ्या छोट्या चित्रांची) यादी पाठवण्यात जातात, उरतात साधारण १,७६०. आमच्या खेळात गर्दी आडवी सरकते, त्यामुळे दर आठ पिक्सेलला ३० टाइलचा (८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांचा) नवा उभा पट्टा लिहावा लागतो. साध्या लूपने टाइलमागे १६ सायकल धरल्या तर ४८०. त्या पट्ट्याचे रंग ठरवणाऱ्या आठ बाइटांना दोनशेच्या आसपास, आणि पूर्ण रंगपट्टी बदलायची तर ३२ बाइटांना आणखी साडेचारशे. एवढं एकाच फ्रेममध्ये आलं तरी मावतं. त्याच क्षणी संवादाची चौकट उघडली तर मात्र नाही. म्हणून चौकट उघडताना स्क्रोल थांबवायचा आणि दर फ्रेमला चौकटीची एकच ओळ लिहायची. पाल लावून तपासलेला खेळ अशा जागी बिनबोभाट चालतो, आणि खऱ्या मशीनवर पडद्याच्या वरच्या भागात भलत्याच टाइल उमटतात.

चिपांवर काळा गोळा असलेल्या उशिराच्या मशीनवर आकडे वाचता येत नाहीत. तिथे खेळानेच वेग ओळखावा. सुरुवातीला दोन इंटरप्टांमधलं अंतर एका लूपने मोजायचं: अमेरिकन मशीनवर २९,७८०, अस्सल पालवर ३३,२४७ आणि नकलेवर ३५,४६४ सायकल भरतात. तिन्हींत इतकं अंतर आहे की ढोबळ मोजणीही पुरते. निकाल एका बाइटात ठेवून द्यावा, पुढे रंग आणि सूर दोन्हींसाठी तो लागतो.

जुन्या कॅसेट वाचण्याचं काम खेळ लिहिण्याच्या आधी करावं असं आमचं ठाम मत आहे, कारण बोर्ड कसा जोडलेला असतो हे त्यातूनच कळतं. शिवाय त्याला थांबायला वेळ नाही. इंदूर २०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छ शहरांच्या यादीत अव्वल राहिलं आहे. दारावर येणाऱ्या कचरागाडीत एकदा जुन्या कॅसेटांचा डबा गेला की तो वेगळा होऊन, दळला जाऊन संपतो. भंगाराच्या दुकानात वर्षानुवर्षं पडून राहत नाही. त्यामुळे दिवाळीआधी माळे रिकामे होतात तेव्हाच रामबाग, लोकमान्यनगर भागातल्या ओळखीच्या घरांत शब्द टाकून ठेवावा. जेलरोडवर मोबाइलचे सुटे भाग विकणाऱ्यांकडेही कधीकधी अशा कॅसेट निघतात. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिलं की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ती मोजदाद अमेरिकेत निघालेल्या खेळांची आहे. आपल्याकडच्या ‘९९९९९९९ इन १’ कॅसेट तिच्यात बसतही नाहीत.

कॅसेट उघडताना खाचा मोडू नयेत म्हणून गिटार वाजवायची प्लास्टिकची पिक वापरावी. आत बहुतेक वेळा सरळ चिप नसते, काळ्या इपॉक्सीचा गोळा असतो. त्याखाली उघडी सिलिकॉनची चकती आणि केसाहून बारीक तारा. हा गोळा दाबायचा नाही, गरम करायचा नाही, खरवडायचा नाही. तार तुटली की ती घरगुती साधनांनी जोडता येत नाही, म्हणून वाचून घेणं हीच त्याची दुरुस्ती. पिना पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं घेऊ नये, उरलेलं पाणी पिनांवर राहतं. हिरवा थर निघत नसेल तर पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने, एकाच दिशेने. पॉलिशपेपर कधीही नाही. या कॅसेटवरचा सोनेरी मुलामा इतका पातळ असतो की दोन हातांत खालचं निकेल उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात पिन काळी होते.

वाचायला आम्ही आर्डुइनो मेगा २५६० वर बांधलेला ओपन सोर्स कार्ट्रिज रीडर वापरतो, साठ पिनांच्या सॉकेटसह. एकच कॅसेट किमान तीनदा वाचायची, आणि प्रत्येक वेळी काढून पुन्हा लावून. तिन्ही फायलींचा एसएचए-१ हॅश (फायलीतल्या डेटावरून काढलेला ओळखआकडा) जुळला तरच प्रत खरी. जुळला नाही तर दोष कुठे आहे हे फायलीतच दिसतं. प्रत्येक बाइटात एकच बिट अडकलेला असेल तर डेटाची एक पिन मळलेली. फायलीचा उत्तरार्ध पूर्वार्धाची हुबेहूब प्रत असेल तर सर्वांत वरची अ‍ॅड्रेस पिन लागत नाहीये, किंवा खेळ खरोखरच १६ किलोबाइटचा आहे. हा निवाडा करायला शेवटचे सहा बाइट पाहावेत. तिथे इंटरप्ट, रीसेट आणि आयआरक्यू यांचे तीन पत्ते असतात. ते ८००० ते बीएफएफएफ या षोडशमान पट्ट्यात पडत असतील तर प्रोग्राम बहुधा ३२ किलोबाइटचा आहे आणि पिन पुन्हा पुसायला हवी.

मल्टी-कॅसेट, म्हणजे अनेक खेळांची कॅसेट, हा वेगळाच मामला. तिच्यात खेळ निवडणारी यंत्रणा बहुधा अ‍ॅड्रेस लॅचची असते. मेनू ८००० च्या वरच्या कुठल्यातरी पत्त्यावर काहीही लिहितो. लिहिलेली किंमत महत्त्वाची नसते, कुठे लिहिलं हे महत्त्वाचं. त्या पत्त्याचे खालचे बिट पुढची बँक, म्हणजे चिपमधला कुठला भाग समोर येणार, ते ठरवतात. बँक बदलताच मेनूचा कोड स्वतःच नाहीसा होतो, म्हणून मेनू आधी आठ-दहा सूचनांचा तुकडा रॅममध्ये उतरवतो आणि तिथून उडी मारतो. तो तुकडा डिसअसेंबलरमध्ये (यंत्रभाषा वाचण्याजोगी करणाऱ्या प्रोग्राममध्ये) सापडला की कॅसेटची किल्ली मिळाली. मग खालचे आठ ते दहा बिट एकेक करून फिरवायचे, प्रत्येक वेळी ३२ किलोबाइट प्रोग्राम आणि ८ किलोबाइट चित्रं वाचायची, हॅश काढायचे आणि दुबार गाळायचे. लाखांची जाहिरात करणाऱ्या यादीतले खेळ तेव्हा हाताच्या बोटांवर येतात. बाकीच्या नोंदी त्याच खेळाचे वेगळे टप्पे असतात. तरी मेनू फेकून देऊ नये. मूळ खेळ जगात अनेकांनी जपले आहेत. तो मेनू, त्याचं पार्श्वसंगीत आणि ती यादी मात्र बहुधा त्या कॅसेटवरच आहे, आणि आपल्या पिढीने पाहिलेला पहिला पडदा तोच होता.

या प्रती वाटायच्या मात्र नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एए) कायदेशीर ताबा असलेल्याला संगणक प्रोग्रामची सुरक्षेपुरती प्रत ठेवू देतं, वाटण्याची मुभा देत नाही. आम्ही हॅश, बोर्डाचे दोन्ही बाजूंचे ६०० डीपीआयचे स्कॅन, लेबलचा स्कॅन आणि लॅचचं वर्णन उघडं करतो. पुढच्या माणसाला आपली कॅसेट ओळखायला एवढं पुरतं.

आता खेळ. गेर राजवाड्यासमोरून जाते, आणि राजवाडा या मशीनला फार सोयीचा निघाला. पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा, टाइल ८ बाय ८ ची, पण रंगांचा गट ठरतो तो १६ बाय १६ च्या चौकोनाला. राजवाड्याच्या प्रवेशद्वाराचे सात मजले: खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. मजला १६ पिक्सेल उंच धरला की सात मजले ११२ पिक्सेलमध्ये बसतात, आणि दगडाचा रंगगट कुठे संपतो, लाकडाचा कुठे सुरू होतो ही सीमा नेमकी चौकोनाच्या कडेवर येते. झरोक्यांच्या रांगा त्याच त्या टाइलांतून होतात. एवढी मोठी इमारत थोडक्या टाइलांत उभी राहते, आणि हे केवळ त्या वास्तूच्या ठेक्यामुळे जमतं.

गुलाल मात्र अवघड. एकूण स्प्राइट ६४, आणि एका आडव्या ओळीवर फक्त आठ. नववा दिसतच नाही. माणसांच्या गर्दीवर गुलालाचे कण स्प्राइटने उडवायचे म्हटलं तर माणसंच गायब होतात. यादीचा क्रम दर फ्रेमला फिरवून लुकलुकतं ठेवणं हा नेहमीचा उपाय आहे, पण ५० हर्ट्झवर ती लुकलुक ६० पेक्षा जास्त टोचते. आम्ही ढग पार्श्वभूमीच्या टाइलांतच काढला आणि रंगपट्टीतले तीन रंग दर चौथ्या फ्रेमला फिरवले. स्प्राइट राहिले ते फक्त टँकरच्या पाण्याच्या धारेला. मोठ्या उधळणीला पूर्ण पडद्यावर रंगाची झाक आणायची होती. चित्राच्या चिपला २००१ या पत्त्यावर त्यासाठी तीन बिट आहेत: लाल, हिरवा, निळा. पाल मशीनवर आणि आपल्या नकलेवर त्यातले लाल आणि हिरवा अदलाबदल झालेले असतात. अमेरिकन रीजनवर लालभडक दिसणारी उधळण टीव्हीवर शेवाळी होते. सुरुवातीला वेग ओळखून ठेवलेला तो बाइट इथे कामी येतो.

मराठी अक्षरांना आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि तो सत्कारणी लागला. १६ पिक्सेल उंचीत, म्हणजे दोन टाइलांत, देवनागरी सुबक दिसते. पण शिरोरेषा आणि अक्षराचं धड टाइलच्या सीमेवर कापलं जातं आणि प्रत्येक ‘अक्षर अधिक मात्रा’ जोडीला नवी टाइल लागते. तीन ओळींची मांडणी उंचीला महाग, टाइलांना स्वस्त. मधल्या टाइलची सर्वांत वरची पिक्सेल-रांग म्हणजे शिरोरेषा, खालच्या सात रांगांत धड. वरच्या टाइलमध्ये मात्रा, अनुस्वार, रफार. खालच्या टाइलमध्ये उकार. मग ‘के’, ‘मे’, ‘ते’ या सगळ्यांना एकच मात्रेची टाइल पुरते. पहिल्या वेलांटीची दांडी मधल्या ओळीत अक्षराच्या डावीकडे स्वतंत्र टाइल म्हणून येते आणि कमान वरच्या ओळीत दोन टाइलांवर पसरते. युनिकोडमध्ये ती वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते, म्हणून संवाद टाइलांत बदलणाऱ्या पायथनच्या स्क्रिप्टने आधी क्रम उलटवावा लागतो. जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षराच्या आधी न्यावी लागते. ख, झ, क्ष, ज्ञ यांना दोन टाइल रुंदी दिली. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य वेगळा काढला. ल आणि श मराठी वळणाचे ठेवले. आजूबाजूच्या सगळ्या पाट्या हिंदी वळणाच्या असताना हे वळण पडद्यावर दिसलं की खेळ कुणाचा आहे ते लगेच कळतं. एखादं जोडाक्षर सबंध खेळात एकदाच येत असेल तर वाक्यच बदलावं, टाइल वाचते.

एवढं करूनही पार्श्वभूमीच्या २५६ टाइलांत राजवाडा, बाजार आणि अक्षरं मिळून मावत नाहीत. उपाय असा: अक्षरं स्प्राइटच्या टेबलातल्या रिकाम्या जागेत ठेवायची आणि संवादाची चौकट पडद्याच्या माथ्यावर घ्यायची. चौकट रंगवताना पार्श्वभूमीला स्प्राइटचं टेबल द्यायचं. शून्याव्या स्प्राइटचा स्पर्श लागला की २००० या पत्त्यावरचा एक बिट बदलून पुन्हा चित्रांचं टेबल. इथला धोका नीट लक्षात ठेवावा. शून्यावा स्प्राइट आणि पार्श्वभूमी या दोघांचेही रंगीत पिक्सेल एकमेकांवर आले तरच स्पर्श नोंदला जातो. चौकट रिकामी असली तर तो क्षण येतच नाही, लूप फिरत राहतो आणि खेळ गोठतो. म्हणून चौकटीची खालची रेघ कायम रंगवलेली हवी, मजकूर असो वा नसो.

ढोल-ताशाचा ठेका नॉइज आणि ट्रँगल चॅनलवर छान उतरतो. सुरांच्या तक्त्यात पुन्हा पालचा सापळा आहे. सुराची उंची प्रोसेसरच्या वेगावर ठरते. अमेरिकन १.७८९७७३ आणि आपलं १.७७३४४८, यांत सोळा सेंटांचा फरक (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). कानाला टोचत नाही. अस्सल पालचा तक्ता वापरला तर सूर अर्ध्या स्वराहून जास्त चढतो. म्हणजे तक्ता अमेरिकन आणि गती ५० हर्ट्झची, अशी मिसळ करावी लागते. फॅमिट्रॅकर या संगीत रचण्याच्या प्रोग्राममध्ये एनटीएससी ठेवून इंजिनचा वेग ५० असा हाताने घालता येतो. दुसरी गोष्ट, यूएमसीच्या चिपेत चौकोनी लाटेच्या रुंदीचे २५ आणि ५० टक्के हे दोन पर्याय उलटे आहेत. सनईसारखा पातळ आवाज बासरीसारखा पोकळ येतो. मुख्य चालीला १२.५ टक्के निवडलं की सगळ्या मशीनवर सारखाच येतो; आम्ही तेच केलं.

चालू होताना रॅममध्ये काय असेल याचा भरवसा नसतो. इम्युलेटर नेहमी ती शून्याने भरून देत असेल तर आळशी कोड चालून जातो, म्हणून मेसेनमध्ये रॅम यादृच्छिक भरण्याचा पर्याय लावावा. रीसेटनंतर दोन फ्रेम जाऊ द्याव्यात, मगच चित्राच्या चिपला लिहावं. जॉयस्टिक वाचताना ४०१६ वरून आलेल्या बाइटाचे फक्त खालचे दोन बिट घ्यावेत. वरचे बिट मशीनगणिक बदलतात.

तयार फाइल ४०,९७६ बाइटांची: १६ बाइटांचा हेडर (इम्युलेटरसाठी फायलीची माहिती), ३२,७६८ प्रोग्राम, ८,१९२ चित्रं. चिपवर जाताना हेडर कापायचा. तो राहिला तर सगळे पत्ते सोळाने सरकतात आणि पडदा काळा राहतो. प्रोग्रामला २७सी२५६, चित्रांना २७सी६४ ही ईप्रॉम, म्हणजे यूव्ही उजेडाने पुसून पुन्हा भरता येणारी चिप. जुन्या बाजारातल्या चिपा घेताना अक्षरन्‌अक्षर वाचावं. नुसत्या २७६४ ला बर्न करायला २१ व्होल्ट लागतात, २७६४ए ला १२.५, तिला २१ दिले तर चिप मरते. घासून पुन्हा छापलेल्या चिपाही येतात. अ‍ॅसिटोनने वरचं छापील पुसलं जात असेल तर ती परत करावी. चित्रांच्या चिपेचा वेग १५० नॅनोसेकंद किंवा त्याहून चांगला हवा. मंद चिपेने टाइलांवर ठिपके उठतात, तेही मशीन तापल्यावर, म्हणून तपासणी निदान तासभर चालवून करावी.

खिडकीच्या ईप्रॉम पुसायला २५४ नॅनोमीटरची यूव्ही-सी नळी लागते. पाण्याच्या यूव्ही प्युरिफायरमधली नळी नेमकी हीच असते, चोकसकट सहज मिळते. चिप नळीपासून अडीच सेंटीमीटरवर, वीस मिनिटं, पूर्ण बंद डब्यात. झाकण उघडताच वीज तुटेल असा स्विच लावल्याशिवाय हे करू नये, डोळ्यांना आणि कातडीला इजा होते. नेलपॉलिश वाळवायचा दिवा चालत नाही, त्याची लहर लांब असते. उन्हात ठेवून पुसता येतं असं सांगतात; चिपेच्या माहितीपत्रकात थेट उन्हाचा आठवडा लिहिला आहे, पण अर्धवट पुसलेले बिट नंतर दगा देतात. भरून झालेल्या चिपेच्या खिडकीवर अपारदर्शक पट्टी चिकटवायचीच, ट्यूबलाइटचा उजेडही काही वर्षांत तिला खातो. रोजच्या चाचणीला मात्र एसएसटी ३९एसएफ०१०ए फ्लॅश बरी. ५ व्होल्टवर चालते, ७० नॅनोसेकंद, पुसायला दिवा नको. फक्त तिची लिहिण्याची पिन ५ व्होल्टला बांधून ठेवावी.

बोर्डाची जाडी जुन्या कॅसेटवर व्हर्निअर लावून ठरवावी. आमच्याकडच्या १.२ मिलिमीटरच्या आसपास भरल्या. कारखाने न सांगता १.६ ची देतात. ती सॉकेटच्या पट्ट्या कायमच्या वाकवते. पिनांवर सोन्याचा मुलामा आणि कडेला उतार मागून घ्यावा, कथिलाचा लेप सॉकेटमध्ये सरकत जातो. जोडणी अशी: मशीनची रॉम निवडणारी रेघ २७सी२५६ च्या पिन २० ला, पिन २२ जमिनीला (ग्राउंडला), पिन १ पाच व्होल्टला. चित्रांच्या चिपेत पिन २० ला चित्रबसची ए१३, पिन २२ ला वाचण्याची रेघ, आणि पिन १ व २७ पाच व्होल्टला. आडवा स्क्रोल असल्याने मशीनच्या आतल्या चित्र-रॅमची ए१० चित्रबसच्या ए१० ला जोडायची, उभ्याला ए११. प्रत्येक चिपेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. आणि पिन ४५ व ४६ एकमेकींना जोडायच्या. आवाज मशीनमधून कॅसेटमध्ये येऊन परत जातो. ही जोड राहिली तर चित्र झकास येतं आणि आवाज अजिबात नाही. काही नकलांत ही वाट आतच जोडलेली असते, म्हणून एका मशीनवर आवाज आला एवढ्यावर समाधान मानू नये.

कॅसेट लावण्याआधी मशीनचा अ‍ॅडॅप्टर मल्टिमीटरने तपासावा, टोकाची दिशा मशीनगणिक वेगळी असते. सॉकेटवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. कमी असेल तर आधी ७८०५ (पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर) आणि त्याच्या शेजारचे कपॅसिटर बदलावेत. वीज चालू असताना कॅसेट काढू-घालू नये. एलईडी टीव्हीवर अ‍ॅन्टेनाऐवजी एव्ही वापरावं. तरी काही एलईडी टीव्ही हा सिग्नल विणलेला (इंटरलेस्ड, एकाआड एक ओळी येणारा) समजून चुकीचा हाताळतात आणि लुकलुकणारे स्प्राइट अर्धे गिळतात. खेळाचा निवाडा जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर करावा, तो घरात असेल तर टाकू नये.

कॅसेट बंद करण्याआधी ती रीडरमध्ये घालून परत वाचायची आणि हॅश मूळ फायलीशी ताडायचा. चिप प्रोग्रामरमध्ये बरोबर असली तरी सोल्डरचा एक कच्चा सांधा इथे सापडतो. हेडर एनईएस २.० पद्धतीचा ठेवावा आणि त्याच्या बाराव्या बाइटात (मोजणी शून्यापासून) ३ लिहावा. त्याचा अर्थ डेंडी. उद्या कुणी हा हेडर समजणाऱ्या इम्युलेटरवर खेळ उघडला तर तो आपोआप आपल्या मशीनच्या वेगाने चालेल. खेळाबरोबर सगळा सोर्स, सीसी६५ या कंपायलरची नेमकी आवृत्ती, लिंकरची फाइल, टाइलांची मूळ चित्रं, फॅमिट्रॅकरची फाइल, पायथनची स्क्रिप्ट, बोर्डाचे गर्बर (कारखान्याला द्यायचे आराखडे) आणि परवाना ठेवायचा. कोऱ्या संगणकावर हे सगळं उतरवून बांधल्यावर तोच हॅश आला पाहिजे. आला नाही तर काहीतरी आपल्याच संगणकावर राहून गेलं आहे, बहुधा फॉन्ट किंवा स्क्रिप्टची एखादी लायब्ररी.

जुन्या आणि नव्या कॅसेट आम्ही अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलसह, माळ्याऐवजी खालच्या कपाटात ठेवतो. मे महिन्यात पत्र्याखालचा माळा प्लास्टिकला आणि इपॉक्सीला मानवत नाही. पावसाळा संपला की प्रत्येक कॅसेट पुन्हा वाचून आत ठेवलेल्या चिठ्ठीवरच्या हॅशशी ताडावी. फरक आला तर आधी पिना, मग सांधे, आणि चिप सर्वांत शेवटी.